चाळीसात न बसलेली कार्डं

मुलीच्या स्पर्धेसाठी चाळीस कार्डं निवडायची होती, आणि तिच्याकडची सगळ्यात चांगली कार्डं माझ्या भावाने प्लास्टिकमध्ये कायमची बंद करून टाकली होती. हे त्याला कोणी सांगायचं, यातच आमचा सगळा चैत्र गेला.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मुलगी सातवीत होती. मी मिरजोळ्याच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जात होते. दिवसभर उभं राहायचं, समोर कोळंबीचा ढीग आणि हाताखाली बर्फ. संध्याकाळी घरी येईपर्यंत बोटं आपली नसल्यासारखी व्हायची. कप धरला तरी गरम आहे की गार ते कळायला वेळ लागे. आणि दारात पाऊल टाकलं की पडवीत मुलगी चटई टाकून बसलेली असायची, पुढ्यात कार्डांचे दोन गठ्ठे.

"आई, चहा मागाहून कर. एकच डाव."

एक डाव कधी एक नसायचा. पण तिच्याशी खेळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. हे तिच्या लहानपणीच गेले. तेव्हा भाऊ म्हणाला, "माझं रत्नागिरीचं घर बंद पडून आहे, वाळवी खातेय त्याला. तू राहा." दोन खोल्या आणि पडवी. तेव्हापासून आम्ही दोघी तिथे. त्याने कधी उपकार बोलून दाखवला नाही. बोलून दाखवला असता तर निदान एकदा रागावता आलं असतं.

मी चौथी शिकलेली. कार्डांवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. चित्रावरून आणि आकड्यावरून मी ती ओळखायला शिकले. मुलगी त्यांची नावं घ्यायची, मी माझी नावं ठेवली होती. हा चिखल्या, हा शिंगवाला, ही पाणकोंबडी. ती चिडायची. "आई, पाणकोंबडी नाही गो ती, वादळाची देवता आहे!" मी म्हणायचे, "असेल. पण पाय पाणकोंबडीचे आहेत."

खेळ असा होता. दोघांकडे चाळीस-चाळीस कार्डांचा कॅट. मुलगी त्याला डेक म्हणायची. पिसून पालथा ठेवायचा आणि आधी पाच कार्डं हातात घ्यायची. मग आळीपाळीने एकेक ओढायचं. कार्डाच्या वर चांदण्या छापलेल्या. कमी चांदण्यांचं कार्ड लगेच खाली मांडता येतं. जास्त चांदण्यांचं, म्हणजे मोठं, ताकदवान कार्ड मांडायचं तर आधी खाली मांडलेली दोन लहान कार्डं उचलून द्यावी लागतात. मोठ्याला यायला लहानांनी जागा करून द्यायची. हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

सगळी खुबी चाळीस कोणती घ्यायची यात. मोठी जास्त भरली की पहिल्या हातात पाचही मोठीच येतात, आणि खाली मांडायला काहीच नसतं. समोरचा मारत राहतो, आपण हातात राजे धरून बसायचं. लहान जास्त भरली की मार खात टिकता येतं, पण जिंकता येत नाही. मुलगी तासन्‌तास चटईवर कार्डं लावायची, काढायची. एक आत घेतलं की एक बाहेर. बाहेर काढलेलं हातात धरून उगाच बसायची. मी तिकडून भात वैरत म्हणायचे, "टाक नाहीतर ठेव, पण जेवायला ऊठ."

रामआळीच्या मागच्या बोळात एक स्टेशनरीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या भागात लांब टेबल. दर रविवारी तिथे मुलं हा खेळ खेळायला जमायची. बहुतेक इंग्रजी शाळेतले मुलगे. ही एकटी मुलगी, तीही मराठी शाळेतली. पहिले काही रविवार तिला नुसतं बघायला मिळालं. मग खेळायला मिळालं आणि ती हरत राहिली. एका रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "आई, तू हात लिंबाने धुवून कार्डं धरशील का? ते म्हणतात माझ्या कार्डांना कोळंबीचा वास येतो."

मी लिंबाने धुवायला लागले. लिंबं नसली की आमसुलाच्या पाण्याने. बर्फाने फुटलेल्या बोटांना ते झोंबायचं. तिला सांगितलं नाही.

मग दुकानवाल्याने मे महिन्याच्या सुट्टीत स्पर्धा ठेवली. सोळाच जणांची नावं घेणार होता. हिने धीर करून नाव दिलं. तो तसा भला माणूस, हळू बोलणारा. म्हणाला, "नाव घेतो बाळ. पण बाकी वेळी चालवून घेतो तसं स्पर्धेत चालवून घेता येणार नाही. ती प्लास्टिकची कार्डं काढून ये. चाळीस पूर्ण पाहिजेत, आणि सगळी पाठीमागून सारखी. नाही तर टेबलावर बसवता येणार नाही."

ती प्लास्टिकची कार्डं म्हणजे माझ्या भावाची.

भाऊ मुंबईत एका झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या दुकानात होता. माझ्याहून मोठा. मनाने सढळ, आवाजाने मोठा. त्याच्या हातात मशीन होतं आणि त्याला ज्याची काळजी वाटेल ते तो लॅमिनेट करायचा. आमचं रेशनकार्ड, माझा शाळा सोडल्याचा दाखला, ह्यांच्या मृत्यूचा दाखला, गणपतीच्या आरत्या, भाचीने काढलेला मोर. एकदा एसटीचं वेळापत्रक लॅमिनेट करून आणलं आणि पुढच्याच महिन्यात गाड्यांच्या वेळा बदलल्या. ते पुष्कळ दिवस भिंतीवर होतं. वेळा सगळ्या चुकीच्या, पण एक अक्षर पुसलेलं नाही.

भाची कार्डं जमवते हे कळल्यावर तो मुंबईत शोधून शोधून कार्डं घ्यायचा. इथे मिळायची नाहीत तसली, अस्सल, हलवली की चमकणारी. गणपतीला आला की खिशातून पाकीट काढायचा. "हे घे. आयुष्यभर काही होणार नाही याला. पाण्यात टाक, चिखलात टाक." मुलगी कार्ड हातात घ्यायची. चारी बाजूंनी बोटभर प्लास्टिक, मधे तो चमकणारा प्राणी. तिचा चेहरा आधी उजळायचा आणि मग ती तो तसाच उजळलेला ठेवायची. मामा बघत असायचा म्हणून.

घरी आम्ही ती खेळात घ्यायचो. ती पिसता यायची नाहीत. बाकीच्यांतून सुळकन निसटून मांडीवर पडायची. माझ्या बधिर बोटांनाही पालथ्या कॅटमध्ये ती कुठे आहेत ते कळायचं. मी मुद्दाम कळत नाही असं करायचे.

चैत्रात तिने कार्डं दोन भागांत वेगळी केली. प्लास्टिकची एकीकडे, साधी एकीकडे. साधी मोजली तर चाळीसला कमी पडत होती. आणि त्यातली पुष्कळशी माझे चिखले. चिखल्या म्हणजे अगदी सामान्य कार्ड. मारायची ताकद नाही, पण मार खाऊन पडून राहतो. पाकिटातून सगळ्यांनाच निघायचा आणि सगळेच टाकून द्यायचे.

"हे फाडता येईल का गो?" तिने प्लास्टिकवर नख फिरवत विचारलं.

एका कार्डावर करून बघितलं. त्यातल्या त्यात कमी चांगलं होतं ते घेतलं. कडेने कात्रीने कापलं, टोकाला नख घालून हळूहळू सोडवायला लागले. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना धरून बसलेले. जरा जोर दिला आणि चित्राची साल निघाली. प्लास्टिकला अर्धा सिंह चिकटून आला, कार्डावर पांढरा कागद उरला. मुलीने दोन्ही तुकडे बाजूला ठेवले.

मग ती म्हणाली, "मामाला सांगू या. निदान पुढचं तरी तसंच आणेल."

तिला एक कार्ड हवं होतं. पंखवाला साप. मोठं कार्ड, पण ते आलं की समोरच्याची मांडलेली कार्डं परत हातात जातात. एकच मिळालं तरी कॅट उभा राहील असं ती म्हणायची. नाक्यावरच्या फोनबूथवर आम्ही दोघी गेलो. बोलायचं तिनेच, मला फोनवर चार माणसांदेखत बोलता येत नाही. तिने कार्डाचं नाव सांगितलं, अक्षरं सुद्धा सांगितली. आणि म्हणाली, "मामा, लॅमिनेट करू नको हां."

तिकडून त्याचं हसणं मला बाहेर ऐकू आलं.

"अगो, संकोच कसला करतेस! मला काय पैसे पडतात का त्याचे?"

"नाही मामा, खरंच नको."

"आईने शिकवलं ना हे? तुझी आई पहिल्यापासून तसलीच. नको नको म्हणत उपाशी राहील."

"मामा, नकोच आहे रे..."

"बरं बरं. नाही करत." आणि पुन्हा हसला. फोन ठेवला.

मुलीला बरं वाटलं. मला नाही वाटलं. आमच्यात नको म्हटल्यावर थांबणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पानात भात नको म्हटलं की एक डाव जास्त पडतो. साडी नको म्हटली की चांगल्यातली येते. मीही तशीच वागत आले. नको म्हणणाऱ्याला वाढायचं, हीच माया. मग खरंच नको असेल त्याने काय म्हणायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

साधी कार्डं चाळीस करायला मुलीने वर्गातल्या एका मैत्रिणीला गाठलं. तिच्या भावाने खेळ सोडला होता. त्याची उरलीसुरली कार्डं तिने दिली. बदल्यात हिने तिच्या सुट्टीच्या अभ्यासातले नकाशे काढून दिले. कार्डं सगळी बारीकसारीक, कोपरे वाकलेली. पाण्याचा थेंब, दगडाचा हात, एक हिरवा बेडूक. पण चाळीसच्या वर आकडा गेला. आता काही काढायला तरी होतं. पंखवाला साप आला की झालं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी भाऊ आला. वहिनी आणि मुलं तिच्या माहेरी, खेडला उतरली होती. हा एकटाच पुढे. ऊन उतरत होतं, मी नुकतीच कामावरून आले होते. त्याने पाय धुतले, पाणी प्यायला, आणि पडवीतच पिशवी उघडली.

"अख्खं फोर्ट पालथं घातलं तुझ्या सापासाठी," तो म्हणाला. "डोळे मीट."

तिने डोळे मिटले. हात पुढे केला. कार्ड हातावर पडल्या पडल्या, डोळे उघडायच्या आधी, तिला कळलं. मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"या खेपेला जाडवालं वापरलंय," तो म्हणाला. "नेहमीचं नाही. आयकार्डाला लावतात ते. वाकवून दाखव, वाकलं तर नाव बदलेन."

"छान आहे मामा," ती म्हणाली. आणि पाणी आणते म्हणून आत गेली. पाण्याचा तांब्या त्याच्यासमोरच होता.

आत भांड्याचा आवाज नव्हता. ती परसदारी गेली असणार.

भाऊ चटईवर मांडी घालून बसला. "ही पसरलेली काय? उद्याची का? चला, लावू या. चाळीस ना?" त्याने आपली सगळी प्लास्टिकची एकत्र केली, वर साप ठेवला, आणि साध्या कार्डांतली थोडी उचलून खाली लावायला लागला. "ही भर घालायला. खरे गडी हे वरचे."

मी पायरीवर बसले होते. पाय ठणकत होते. मला वाटलं, जाऊ दे. उद्या दुकानवालाच सांगेल. मग वाटलं, दुकानवाला तिला सांगेल, सगळ्या मुलांसमोर, आणि ती मामाकडे बघून गप्प राहील, आणि घरी येऊन, जणू काही झालंच नाही अशी, लिंबू कापून माझ्यापुढे ठेवेल.

"दादा," मी म्हटलं, "ती चालत नाहीत."

"कोण म्हणतो?"

"दुकानवाला. नियम आहे."

"असा कसा नियम? चांगल्या वस्तूला मनाई? थांब, मी बोलतो त्याच्याशी. आत्ता जातो."

तो उठायलाच लागला. तो गेला असता. बोळात उभा राहून आवाज चढवला असता, आणि रविवारचं ते टेबल माझ्या मुलीला कायमचं बंद झालं असतं.

"जायचं नाही," मी म्हटलं.

तो बघत राहिला. मी त्याला असं कधी बोलले नव्हते. मलाच माझा आवाज कोणी दुसऱ्याने काढल्यासारखा वाटला. शब्दांत मी त्याला पुरी पडले नसते. म्हणून चटईवर आले, त्याने लावलेली कार्डं घेतली, जमतील तशी पिसली, आणि पालथी करून त्याच्यापुढे पसरली.

"यातला तुझा साप कुठला, दाखव."

त्याने क्षणात बोट ठेवलं. "हा काय. जाड आहे ना."

"आणि बाकीची तुझी?"

त्याने पटापट बोटं ठेवली. ही, ही, ही. एकदाही चुकला नाही. वर माझ्याकडे बघून हसला, जिंकल्यासारखा.

"समोर बसतो त्यालाही असंच कळतं," मी म्हटलं. "खेळणाऱ्याला पण. हात घातला की हवं ते ओढता येतं. म्हणून चालत नाहीत."

त्याचं बोट कार्डावरच राहिलं. हसू जरा वेळ तोंडावर होतं, मग त्याने तोंडावरून हात फिरवला.

"सगळीच?"

"सगळीच."

"पहिल्यापासून?"

मी मान हलवली.

"मग बोललात का नाही गो?"

"तिने सांगितलं फोनवर. नको म्हणाली."

"ते नको असं असतं होय," तो म्हणाला.

तेवढ्यात मुलगी दुसरा तांब्या घेऊन आली. डोळे धुतलेले. चटईवर पालथी कार्डं आणि आमची तोंडं बघून तिला काय झालं ते समजलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांगितलं मी. बस. लाव तुझी चाळीस."

ती बसली. प्लास्टिकची एकेक वेचून तिने मामाच्या बाजूला ठेवली. तेही सावकाश, चित्र वर करून, आदळणार नाहीत अशी. मग साधी पसरली. भाऊ जरा वेळ रस्त्याकडे बघत होता. नंतर त्याने एक कार्ड उचललं.

"हा काय करतो?"

"हा चिखल्या," ती म्हणाली, आणि जीभ चावली. तिने माझं नाव वापरलं होतं. "म्हणजे, हा काही करत नाही मामा. मार खातो."

"मग घेतेस कशाला?"

"तो पडून राहतो तोवर मागचं वाचतं."

"आणि हा?"

इतकी वर्षं तो कार्डं आणत होता आणि खेळ कसा खेळतात ते त्याने विचारलं नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं. त्याला ती चित्रं वाटत होती, देवाच्या फोटोसारखी जपायची. आता एकेक उचलून तो विचारत होता आणि ती सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज सुटला. हा घेतला की तो लागतो, तो घेतला तर हा दुसरा बाहेर. तीन मोठी ठेवायची की दोन? तीन ठेवली तर लहान किती? एकदा तिने सगळं मोडून परत लावलं. मी भाताला आधण ठेवून आले तरी त्यांचं चाललंच होतं.

"बेडूक काढू नको," भाऊ म्हणत होता.

"मामा, त्याला ताकद नाही रे."

"नसू दे. पण तो आला की एक कार्ड जास्त ओढायला मिळतं म्हणालीस ना? दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी एक माणूस बसवावा लागतो, तसा."

बेडूक राहिला. शेवटी एक जागा उरली आणि दोन कार्डं. एक चिखल्या, आधीचे तीन होतेच, हा चौथा. दुसरी माझी पाणकोंबडी. मी चिखल्याच्या बाजूची. मी चिखल्यांच्या जोरावर टिकायला शिकले होते. मुलगी म्हणाली, "आई, नुसतं टिकून काय करू?" आणि पाणकोंबडी आत घेतली. तिचा कॅट होता.

रात्री भाऊ पडवीत झोपला. प्लास्टिकची कार्डं त्याने स्वतःच्या पिशवीत ठेवली नाहीत आणि तिच्या डब्यातही ठेवली नाहीत. सकाळी बघितलं तर ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशातून साप दिसत होता.

दुकानात मुलांची आणि वडिलांची गर्दी. मी आत गेले नाही. बोळात समोरच्या ओट्यावर सावलीत उभी राहिले. तिथून टेबलाचा एक कोपरा आणि मुलीची वेणी दिसत होती. दुकानवाल्याने तिचा कॅट हातात घेतला, पालथा धरून कडेने बोट फिरवलं, मोजला आणि परत दिला. मान हलवली. ती बसली. तेव्हा कुठे मी ओट्यावर टेकले.

भाऊ दाराशी उभा होता. गल्ल्यावर दुकानवाल्याची कॉलेजला जाणारी मुलगी होती. तिचं लक्ष त्याच्या खिशाकडे गेलं.

"अय्या काका, ओरिजिनल आहे ते! बघू?"

त्याने काढून दिलं. तिने उलटसुलट केलं आणि कपाळाला हात लावला. "हे लॅमिनेट कोणत्या शहाण्याने केलं? मेलं की हे!"

"मी केलं," भाऊ म्हणाला.

ती लाजली. "सॉरी काका."

"नाही, बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. कार्ड परत खिशात घातलं आणि माझ्या शेजारी येऊन ओट्यावर बसला. ऊन बोळात उतरलं तसे आम्ही सरकत सरकत भिंतीला लागलो.

पहिला डाव ती जिंकली. वेणी हलली त्यावरून कळलं. दुसरा पण जिंकली. त्यात आतून एक मुलगा ओरडला, "अरे, या बेडकाने लावली वाट!" भावाने माझ्याकडे बघितलं. तिसरा डाव लांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती कॅटला रबर लावत बाहेर आली.

"हरले," ती म्हणाली. केस कपाळाला चिकटलेले.

"फार फरकाने?"

"नाही. एक चाल."

भाऊ उठला. पँट झटकली. त्याला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "माझा साप असता तर?"

ती थांबली. मला वाटलं, आता ती म्हणेल, नाही मामा, तरी हरलेच असते. मी असते तर तेच म्हटलं असतं.

"असता तर जिंकले असते," ती म्हणाली. "खाली दोन लहान होती. जागा होती त्याला."

भावाने मान हलवली. एकदा, दोनदा. "हां," तो म्हणाला. नाक्यावर त्याने आम्हाला उसाचा रस पाजला. स्वतःचा ग्लास हातात धरून उभा राहिला, तोंडाला लावायचं विसरून. मग मुलीला म्हणाला, "परत शोधतो. मिळाला तर तसाच पाठवीन. कागदात गुंडाळून."

"मिळाला तर," ती म्हणाली. "खर्च करू नको पण खूप."

"हे नको कुठलं?"

"खरं नको, मामा."

तो निघाला त्या दिवशी मी पहाटे उठून फणस फोडला होता. त्याला बस पकडायला हायवेवर हातखंब्याला जायचं होतं, रिक्षा यायची होती. बरक्या फणसाचा रस काढून, रवा भिजवून, मी कुकरभर सांदणं उकडली होती. तो यायचा त्या दर मे महिन्यात मी त्याला सांदणांचा डबा द्यायचे. हाताला चीक लागला होता तो अजून निघाला नव्हता. डब्याला फडकं बांधत होते तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ते काय, सांदणं?"

"हां."

"बाय, रागावू नको," तो म्हणाला. "मला ती नाही आवडत. कधीच नाही आवडली. पनवेलच्या आधी मी ती शेजारच्या पॅसेंजरला देतो."

मी डबा हातात धरून उभी राहिले. कमरेत कळ होती. फणस फोडायला किती लागतं ते त्याला माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"मग काय देऊ?"

"भाकरी आणि लसणाची चटणी. असेल तर."

भाकरी केलेली नव्हती. रिक्षा बाहेर येऊन थांबली होती. मी पीठ मळायला घेतलं. तो बाहेर जाऊन रिक्षावाल्याला म्हणाला, "थांब रे जरा, माझी भाकरी होतेय." मी दोन भाकऱ्या थापल्या, चटणी घातली, कागदात बांधून दिल्या. गरम पुडकं दोन्ही हातांत धरून तो रिक्षात बसला आणि गेला.

सांदणं दुपारी मी आणि मुलीने खाल्ली, संध्याकाळी पुन्हा खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी मी ती डब्यात कामावर नेली. तिथे बायकांना वाटली. मलाही ती फारशी आवडत नाहीत.